फरकाचा रकाना

वही तपासताना कागद खरवडलेला दिसला की माझा हात थांबतो. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीच्या भूगोलाच्या वहीत असंच दिसलं. 'पृथ्वीचा परीघ : ४०,००० किमी' असं सुबक अक्षरात लिहिलेलं, आणि त्याखाली खोडरबराने पुसलेला दुसरा आकडा. वही उजेडात तिरकी धरल्यावर तो वाचता आला. ४२,५००.

पुसलेला आकडा तिचा स्वतःचा होता. मैदानावर तीन तास उन्हात बसून, सावली मोजून, गणित करून तिने तो काढला होता. पुस्तकात वेगळा आकडा दिसला आणि तिने आपला पुसून टाकला.

मी एकोणीस वर्षं आठवी ते दहावीला इतिहास-भूगोल शिकवते. मुलांनी हाताने काहीतरी करून शिकावं, असं पहिल्या वर्षापासून वाटत आलंय. पण 'करून शिकणं' म्हणजे नेमकं काय, हे मला त्या खरवडलेल्या कागदाने शिकवलं. म्हणून ती हकिगत सविस्तर सांगते.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने पृथ्वीचा परीघ कसा काढला, हे बहुतेकांनी वाचलेलं असतं. इजिप्तमधल्या सायनी गावात (आजचं आस्वान) वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, विहिरीच्या तळापर्यंत ऊन पोहोचतं. त्याच वेळी उत्तरेला अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते, आणि तिचा कोन पूर्ण वर्तुळाच्या एक पन्नासांश, म्हणजे ७.२ अंश भरतो. दोन गावांतलं अंतर ५,००० स्टेडिया (ग्रीकांचं लांबीचं माप) धरलं तर परीघ ५० पट, २,५०,००० स्टेडिया. फळ्यावर हे पाच मिनिटांत होतं. मुलं उतरवून घेतात आणि परीक्षेत तसंच्या तसं लिहितात.

मला ते मैदानावर करायचं होतं. जवळपास आमच्याच रेखावृत्तावर, नकाशात ६२० किमी उत्तरेला, माझी एक मैत्रीण शिकवते. दोघींनी ठरवलं, २३ सप्टेंबरला, विषुवदिनी, दोन्ही शाळांत एक-एक मीटरची काठी उभी करायची. पहिली दोन वर्षं एकीकडे नाहीतर दुसरीकडे ढग आले. तिसऱ्या वर्षी ऊन पडलं.

काठी सरळ उभी आहे ना हे बघायला ओळंबा लावला. काठीभोवती ५५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ आखलं. सकाळी सावली लांब असते, ती आखडत येते आणि तिचं टोक वर्तुळाला शिवून आत जातं. दुपारनंतर ते पुन्हा शिवून बाहेर पडतं. हे दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. ही रीत आपल्याकडे शुल्बसूत्रांच्या (यज्ञवेदी आखायच्या भूमितीच्या प्राचीन ग्रंथांच्या) काळापासून आहे, आणि त्या काठीला आपल्या ज्योतिषग्रंथांत 'शंकू' म्हणतात. मुलांना गणितातला शंकू माहीत होता, हा नव्हता.

टोकाच्या खुणा दर दहा मिनिटांनी करत होतो. अकराच्या सुमाराला एक मुलगा म्हणाला, "बाई, हे टोक सरळ रेषेत चाललंय. वाकत कसं नाही?" मी या गोष्टीबद्दल वर्गात काहीच बोलले नव्हते. विषुवदिनी सावलीचं टोक सरळ रेषेतच सरकतं, इतर दिवशी त्याची वक्ररेषा होते. एरवी शिकवताना 'त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो' या वाक्यापलीकडे मी कधी गेले नव्हते. त्या मुलाने ते वाक्य जमिनीवर आखलेलं बघितलं.

सावली वर्तुळाला शिवली १० वाजून ५० मिनिटांनी आणि पुन्हा १ वाजून ५४ मिनिटांनी. बरोबर मधली वेळ १२ वाजून २२ मिनिटं. म्हणजे आमची खरी मध्यान्ह घड्याळातल्या बाराला नव्हतीच. कारण शोधायला मुलं वर्गात धावली. प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून आम्ही साडेसात अंश पश्चिमेला, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे तीस मिनिटांचा उशीर. पण उशीर झाला होता बावीस मिनिटांचा. मग आठ मिनिटं गेली कुठे?

हा प्रश्न त्या दिवशीचा सगळ्यात मोलाचा होता, आणि त्याचं उत्तर त्यांच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे. या दोन्हींमुळे सूर्य वर्षभर घड्याळाशी तंतोतंत जुळत नाही. फेब्रुवारीच्या मध्याला तो सुमारे १४ मिनिटं मागे असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १६ मिनिटं पुढे, आणि २३ सप्टेंबरच्या आसपास साडेसात मिनिटं पुढे. ती हरवलेली मिनिटं ही. कक्षेचा आकार मुलांनी आठवीत पाठ केला होता. त्याचा आपल्या दुपारशी संबंध आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मध्यान्हीला आमची सावली ३२.९ सेंमी, मैत्रिणीकडची ४३.४ सेंमी. कोनांचा तक्ता मी दिला होता. आमचा कोन १८.२ अंश, त्यांचा २३.४५. फरक ५.२५ अंश. ६२० ला ३६० ने गुणून ५.२५ ने भागलं की ४२,५०० किमी. ध्रुवांवरून मोजलेला खरा परीघ सुमारे ४०,००८ किमी आहे.

मी मुलीला वहीबद्दल विचारलं तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "बाई, चुकीचं उत्तर वहीत कशाला ठेवायचं?"

तिला तसं वाटण्यामागे मीच होते. इतकी वर्षं प्रत्येक उपक्रमात ज्या गटाचं उत्तर पुस्तकाच्या सगळ्यात जवळ, त्याचं मी वर्गापुढे कौतुक करत आले. मुलं ते नेमकं टिपतात. पुढच्या वेळी ती आधी पुस्तक उघडतात आणि मग मोजतात. या शाळेत नि आधीच्या शाळांमध्ये मी किती जुळवलेल्या आकड्यांना शाबासकी दिली असेल, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आपली पृथ्वी २,५०० किमी जास्त भरली. का?' आणि पूर्ण तास त्याला दिला.

कुणी म्हणालं, काठी कलली. कुणी म्हणालं, जमीन उतरती होती. पण ॲटलासमधल्या अक्षांशांवरून उलट गणित केल्यावर दिसलं की आमची सावली ४ मिमी जास्त मोजली गेली होती आणि त्यांची ३ मिमी कमी. दोन्ही मिळून सात मिलिमीटर! मग एकीने सांगितलं की खूण कुठे करायची यावरून त्यांच्या गटात भांडण झालं होतं, कारण सावलीची कड पुसट होती. खरंच होतं ते. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे. आपल्याला तो आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीच्या टोकाशी जवळजवळ एक सेंटिमीटरचा धूसर पट्टा तयार होतो. दोन्ही शाळांनी त्या पट्ट्यातली वेगवेगळी जागा धरली होती.

मधल्या सुट्टीत एका मुलाने वहीच्या पुठ्ठ्याला कर्कटकाच्या टोकाने भोक पाडलं आणि तो काठीच्या वरच्या टोकाला चिकटवला. सावलीत एक छोटा लख्ख गोल पडला. त्याचा मध्य कुणालाही दाखवता येत होता. तेराव्या शतकात चीनमध्ये गुओ शोउजिंग या खगोलशास्त्रज्ञाने गाओचेंगच्या वेधशाळेत चाळीस चिनी फूट उंचीच्या शंकूची सावली मोजताना अशीच युक्ती वापरली होती, बारीक छिद्राची. हे मी त्या मुलाला आधी सांगितलं असतं तर ती एक माहिती राहिली असती. त्याने भोक पाडल्यावर सांगितलं, तेव्हा तो आणि गुओ शोउजिंग एकाच कामाला लागलेले दोघे झाले.

चार दिवसांनी दोन्ही शाळांनी पुठ्ठा लावून पुन्हा मोजलं. फरक आला ५.५ अंश. परीघ ४०,६०० च्या आसपास.

तेव्हापासून माझ्या वर्गात प्रकल्प वहीच्या पानावर तीन रकाने असतात. 'मला काय वाटलं होतं', 'काय मिळालं' आणि 'फरक'. गुण आहेत ते फरकाच्या रकान्याला, तिथे दिलेल्या कारणाला. खाडाखोड दिसली तर मी गुण कापत नाही, पण पुसलेलं दिसलं तर विचारते.

थर्माकोलच्या प्रतिकृतींबद्दल माझं मत यामुळेच पक्कं झालं. ज्वालामुखी, किल्ला, सूर्यमाला. दरवर्षी शाळाशाळांत त्या तयार होतात. घरची मोठी माणसं रात्री जागून रंगवतात, दुसऱ्या दिवशी प्रदर्शन भरतं. त्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण थर्माकोलच्या किल्ल्यात काही चुकूच शकत नाही. तट सरळ कापला तर सरळ उभा राहतो, त्याला ना पावसाची भीती, ना उताराची. जिथे काही चुकत नाही, तिथे मुलाला प्रश्न पडायला जागाच राहत नाही.

याउलट मातीची वीट. हडप्पा संस्कृतीच्या विटांचं जाडी, रुंदी, लांबी यांचं प्रमाण १:२:४ होतं, हे वाक्य इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत संपतं. आम्ही लाकडी पट्ट्यांचे २×४×८ सेंमीचे साचे केले आणि प्रत्येक गटाने चाळीस विटा पाडायच्या ठरवल्या. भिंत रचायला घेतल्यावर प्रमाणाचं मर्म बोटांना कळलं. दोन विटा शेजारी-शेजारी आडव्या ठेवल्या की त्यांची रुंदी एका विटेच्या लांबीएवढी होते, म्हणून एक थर उभा, एक आडवा असं रचलं की सांधा सांध्यावर येत नाही आणि कोपरा आपोआप गुंफला जातो. एका गटाने मुद्दाम सगळ्या विटा एकाच दिशेने लावून भिंत ढकलून पाहिली. ती उभ्या भेगेवर फाकली.

पण त्याहून महत्त्वाचं घडलं ते आधी, वाळवणीत. विटा आकसल्या. आठ सेंमीची वीट कुठे ७.६ झाली, कुठे ७.२. कारण एका गटाने मातीत पाणी जास्त घातलं होतं, दुसऱ्याने कमी, तिसऱ्याने वाळू मिसळली होती. चारही गटांचे साचे एकसारखे होते, तरी एका गटाची वीट दुसऱ्याच्या भिंतीत बसेना. तेव्हा मी नकाशा उघडला. मोहेंजोदडो आणि हडप्पा यांच्यात सरळ रेषेत जवळपास ६०० किमी अंतर आहे, आमच्या सावलीच्या दोन शाळांएवढंच. इतक्या अंतरावर तेच प्रमाण टिकवायला काय लागलं असेल? मुलांनी यादी केली. सारखा साचा, सारखी माती, सारखं पाणी, शिकवणारी माणसं, लांबी मोजायचं ठरलेलं माप. एकाने लिहिलं, 'हुकूम देणारा राजा'. दुसऱ्याने त्याला हरकत घेतली, "आपल्या आईला पोळ्या सारख्या करायला राजा लागतो का?" दोन्ही बाजू खऱ्या इतिहासकारांच्या वादाजवळच्या आहेत. त्या नगरांत एकच सत्ता होती की नव्हती, यावर आजही एकमत नाही, आणि नुसत्या विटांवरून ते ठरत नाही. मुलांना मी निकाल दिला नाही. फरकाच्या रकान्यात दोघांनी आपापली बाजू लिहिली.

केराची टोपली हाही माझा आवडता तास आहे, वास सहन करायची तयारी असेल तर. आठवडाभर दुसऱ्या वर्गाची टोपली रिकामी करायची नाही. मग ती गटासमोर ठेवायची, वरून एकेक थर उचलायचा, प्रत्येक वस्तू कोणत्या थरात मिळाली ते लिहायचं. खालचं आधीचं, वरचं नंतरचं. एवढ्यावरून त्या वर्गाचा आठवडा सांगायचा. एका गटाने ठामपणे लिहिलं की 'या वर्गात गणित शिकवलं जात नाही', कारण गणिताचा एकही कागद नव्हता. प्रत्यक्षात त्या आठवड्यात गणिताचे रोज दोन तास झाले होते, सगळे फळ्यावर आणि वहीत. फळा पुसला जातो, वही घरी जाते, टोपलीत फक्त टाकलेलं उरतं. भाजलेली वीट उरते आणि कापड, लाकूड, बोललेला शब्द नाहीसा होतो, हे त्या गटाला मला वेगळं समजावावं लागलं नाही.

ग्रीनलँडचा तास छोटाच असतो. पृथ्वीगोलावर पारदर्शक कागद ठेवून ग्रीनलँड गिरवायचं आणि गोलावरच्याच आफ्रिकेवर ठेवायचं. आफ्रिका सुमारे चौदा पट मोठी आहे, मर्केटर या नकाशाकाराच्या सपाट नकाशात मात्र दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात. त्याने १५६९ मध्ये तो नकाशा काढला खलाशांना दिशा धरता यावी म्हणून, आणि त्यासाठी त्याने आकारमान सोडून दिलं. जुना रबरी चेंडू कापून सपाट करायला दिला की मुलांना पटतं की काहीतरी सोडावंच लागतं. वीस मिनिटं पुरतात.

काळाची दोरी मात्र महिनाभर चालते. वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्यापर्यंत दोरी बांधायची आणि मुलांनी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला एकच प्रश्न विचारायचा, 'घरात वीज कधी आली?' उत्तरं येतात ती अशी: 'तुझा काका रांगत होता तेव्हा.' 'मोठी विहीर आटली त्याच्या पुढच्या वर्षी.' सनाचा आकडा फार थोड्यांना आठवतो. मुलं आधी हिरमुसतात. मग त्यांच्या लक्षात येतं की आधी आणि नंतर एवढं तरी नक्की आहे, आणि चिमट्याने चिठ्ठ्या दोरीवर लागू लागतात. एकीची आजी म्हणाली, "भरदुपारी सूर्याला ग्रहण लागलं, त्याच महिन्यात दिवा लागला." आम्ही ग्रहणांचे तक्ते काढले. १६ फेब्रुवारी १९८०. त्या एका चिठ्ठीला तारीख मिळाली आणि तिला बांधलेल्या सात-आठ चिठ्ठ्या आपापल्या जागी सरकल्या.

प्राचीन ॲसिरियाचा (आजच्या इराकमधल्या जुन्या राज्याचा) कालक्रम असाच पक्का झाला. तिथे प्रत्येक वर्षाला एका अधिकाऱ्याचं नाव देत आणि त्या नावांच्या याद्या ठेवत. पण त्या याद्या नुसत्याच लोंबकळत होत्या, आजच्या सनाशी जोडायला खुंटी नव्हती. बुर-सगाले नावाच्या अधिकाऱ्याच्या वर्षासमोर सूर्यग्रहणाची नोंद सापडली. ते ग्रहण इसवी सनपूर्व ७६३ मधलं, १५ जूनचं. आजीचं वाक्य आणि मातीच्या पाटीवरची ती नोंद मी फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिली. जिची आजी होती, तिने घरी जाऊन पुन्हा प्रश्न विचारले, आणि या वेळी चार पानं भरून आणली.

सहकारी विचारतात, एवढा वेळ कुठून आणता? खरं उत्तर असं की सगळ्याच धड्यांना आणत नाही. एका सत्रात दोन मोठ्या कृती, बाकी फळा नि पुस्तक. वाळूच्या पसरट ट्रेमध्ये नदी वाहवायची कृती मी सोडून दिली. वळणाचा बाहेरचा काठ खचतो आणि आतल्या काठाला गाळ साठतो हे त्यात सुंदर दिसतं, पण चाळीस मुलांत एक ट्रे असला की चारच जणांना दिसतं. नुसतं बघायचंच असेल, तर पावसाळ्यात मैदानातला ओहोळ पुरतो.

आता त्या मुलीबद्दल. ती दहावीत आहे. जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ती शिक्षकखोलीच्या दारात उभी राहिली.

"बाई, ते ६२० किमी आपण कुठून घेतलं होतं?"

"ॲटलासमधून. पट्टीने मोजून."

"पण ॲटलासची मोजपट्टी पृथ्वी केवढी आहे हे आधी माहीत असल्याशिवाय कशी काढली असेल? मग आपण परीघ मोजला, की नकाशात असलेलाच परत बाहेर काढला?"

एकोणीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि माझ्याही डोक्यात आला नव्हता. तिला बसवलं, आणि दोघींनी मिळून कागद काढला. अंतर आपण स्वतः मोजायचं, तर ते मोजता येईल एवढं जवळ हवं. पण जवळ आलं की सावलीतला फरक बारीक होतो. मीटरभर काठी पुरणार नाही. तीन मीटरचा खांब आणि वर छिद्राचा पुठ्ठा घेतला, तर सावलीतला एक मिलिमीटर साधारण दोन किलोमीटरांचा ठरतो. वीस किलोमीटर अंतरावर दोन खांब रोवले तर सावल्यांत जेमतेम एक सेंटिमीटर फरक पडेल, आणि एक मिलिमीटर चुकला तर उत्तर दहा टक्क्यांनी हलेल. तिने हे सगळं स्वतःच्या हाताने लिहिलं आणि दहा टक्के चालतील असं ठरवलं.

उत्तर-दक्षिण, शक्य तितका सरळ रस्ता ती नकाशावर शोधते आहे. नकाशा फक्त रस्ता शोधायला वापरायचा, अंतरासाठी नाही, असं तिने वहीत बजावून लिहिलंय. अंतर सायकलने मोजायचं. चाकाला खडूची खूण करून तिने मैदानावर दहा फेरे मोजले, एक फेरा २.०७ मीटर भरला. वीस किलोमीटरला साडेनऊ हजारांहून जास्त फेरे होतात. मोजताना विसरायला होणार, म्हणून चाकाच्या आऱ्याला पुठ्ठ्याची पट्टी बांधली आहे, ती दर फेऱ्याला टक्कन वाजते. एकीने सायकल चालवायची, दुसरीने मागे बसून शंभर फेरे झाले की वहीत एक रेघ मारायची. पहिला सराव येत्या रविवारी आहे.